कोर्स अकरा, पूर्ण दोन

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे वाचक दीड वर्षापासून ज्युनिअर डेव्हलपर आहेत. काम वेब ॲप्लिकेशनच्या बॅकएंडवर, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागावर: बग (कोडमधल्या चुका) सोडवणं, एपीआयमध्ये (इतर प्रोग्रॅमना डेटा देणाऱ्या दुव्यात) एखादं फील्ड वाढवणं, रिपोर्टच्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) दुरुस्त करणं. टीम लहान आहे, शिकवायला कुणाला सवड नाही, आणि कोड रिव्ह्यूत (सहकारी कोड तपासतात तेव्हा) 'ठीक वाटतंय' यापलीकडे शेरा येत नाही. म्हणून स्वतःच शिकायचं ठरवलं. वर्षभरात अकरा ऑनलाइन कोर्स सुरू केले, दोन पूर्ण झाले. 'एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत आहे. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, रिकामी फाइल उघडली की हात थांबतात,' असं ते लिहितात. बरोबरीचे लोक कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन चालवायची यंत्रणा) आणि सिस्टिम डिझाइनच्या गप्पा मारतात, तेव्हा आपण मागे पडलो असं वाटतं. त्यात एआय आपल्यापेक्षा भराभर कोड लिहितं. आधी काय शिकू? रोज किती तास देऊ? डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम किती करू? जिथे शिकवतात अशा ठिकाणी नोकरी बदलू का? ता. क. एडिटर कोणता वापरावा?

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ज्यावरून तुम्ही स्वतःच घाईने पुढे गेलात. 'मागच्या महिन्यात एक रिपोर्ट उघडायला चाळीस सेकंद लागत होते, सिनिअरनी इंडेक्स टाकला आणि तो लगेच उघडायला लागला.' पुढच्याच ओळीत बारावा कोर्स कोणता घ्यावा हे विचारलंय. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

तो एक रिपोर्ट नीट उलगडला तर तीन-चार संध्याकाळी पुरेल एवढं शिकण्यासारखं त्यात आहे. कसं, ते जरा तपशिलात सांगते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी त्यातूनच निघतात.

आधी ते कमिट शोधा, म्हणजे गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नोंदलेला तो बदल. इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची, कोणत्या टेबलवर, कोणत्या कॉलमवर, कोणत्या क्रमाने टाकलाय ते बघा. मग आपल्या मशिनवर त्याच रचनेचं टेबल तयार करून त्यात खोटा डेटा भरा. पहिली फसगत इथेच होते. पन्नास ओळींच्या टेबलवर इंडेक्स असला तरी डेटाबेस तो बहुधा वापरत नाही; एवढंसं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढणंच त्याला स्वस्त पडतं. मग 'इंडेक्सने काही फरक पडत नाही' असा उलटाच धडा मिळतो. निदान पाच-दहा लाख ओळी हव्यात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'जनरेट सीरीज' हे फंक्शन वापरून तेवढ्या ओळी एका क्वेरीत तयार होतात. भरून झाल्या की एकदा 'ॲनालाइझ' चालवा, म्हणजे डेटाबेसकडे त्या टेबलची ताजी आकडेवारी येईल.

आता इंडेक्स न टाकता रिपोर्टची क्वेरी 'एक्सप्लेन' लावून चालवायची. पण एंटर दाबण्यापूर्वी कागदावर लिहा: मला काय दिसेल असं वाटतं? सगळं टेबल वाचलं जाईल का, आधी फिल्टर होईल की आधी टेबलांची जोडणी? मग दाबा. एक जपायचं: नुसतं 'एक्सप्लेन' क्वेरी चालवत नाही, डेटाबेसने आखलेला मार्ग तेवढा दाखवतं. 'एक्सप्लेन ॲनालाइझ' मात्र क्वेरी खरोखर चालवतं. सिलेक्टचं त्याने काही बिघडत नाही, पण डिलीटच्या आधी ते लावलं तर ओळी खरोखरच उडतात. तसं करायचंच असेल तर ट्रान्झॅक्शन उघडून करा आणि शेवटी रोलबॅक करा, म्हणजे सगळं पूर्ववत होईल. 'एक्सप्लेन ॲनालाइझ'च्या निकालात दोन आकडे दिसतील: इतक्या ओळी मिळतील असा डेटाबेसचा अंदाज, आणि प्रत्यक्षात मिळालेल्या ओळी. दोन्हींत शंभरपटीचं अंतर असेल तर डेटाबेसने वाकडा मार्ग का धरला, याचा माग तिथूनच लागतो.

मग इंडेक्स टाका, पुन्हा चालवा, आणि त्यानंतर तो इंडेक्स मुद्दाम निकामी करून बघा. समजा तो ग्राहक क्रमांक आणि तारीख या क्रमाने आहे. फक्त ग्राहक क्रमांकावर शोधलं तर तो उपयोगी पडेल. फक्त तारखेवर शोधलं तर फारसा पडणार नाही, कारण आडनावानुसार लावलेल्या यादीत नुसत्या पहिल्या नावाने माणूस शोधण्यासारखं ते आहे. कॉलमवर एखादं फंक्शन लावा, म्हणजे ईमेल लहान अक्षरांत बदलून तुलना करा. साधा इंडेक्स बाजूला पडतो. नावात कुठेही येणारा तुकडा शोधा, म्हणजे आधी टक्क्याचं चिन्ह आणि मग अक्षरं, तोही पडतो. शेवटी त्या टेबलात एक लाख नव्या ओळी भरायला इंडेक्स नसताना किती वेळ लागतो आणि पाच इंडेक्स असताना किती, हे मोजा. प्रत्येक इंडेक्सची किंमत लिहिताना मोजावी लागते, हे वाचून कळतं तेवढं पुरत नाही. आणि सिनिअरनी तो इंडेक्स 'कन्करंटली' हा शब्द घालून का बनवला असेल, हेही शोधा. पोस्टग्रेसमध्ये तो शब्द नसेल तर इंडेक्स तयार होईपर्यंत त्या टेबलात काही लिहिता येत नाही, आणि चालू असलेल्या सिस्टिमवर तेवढ्यात तक्रारींचा पाऊस पडतो.

एवढं केल्यावर 'डेटाबेस ऑप्टिमायझेशन' नावाचा कोर्स घेतलात तरी हरकत नाही. तो तुम्ही दुप्पट वेगाने पाहाल आणि निम्मा सोडून द्याल.

'व्हिडिओ बघताना समजतं, रिकाम्या फाइलपुढे हात थांबतात' याचा अर्थ तुम्ही डोक्याने कमी आहात असा तुम्ही लावलाय. तो चुकीचा आहे. ओळखीचं वाटणं आणि स्वतः आठवून करता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात जास्त राहील असा भरवसा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुमचे नऊ अर्धवट कोर्स हे त्या भरवशाचे बळी आहेत.

त्यामुळे व्हिडिओ बघायचाच असेल तर रीत बदला. दहा मिनिटं बघा, बंद करा. दुसऱ्या दिवशी रिकामी फाइल उघडून तेच लिहा. अडलात तर अडलेला तुकडा तेवढाच उघडून बघा, परत बंद करा. दोन दिवसांनी सगळं पुसून पुन्हा लिहा, पण काहीतरी बदलून: फाइलऐवजी डेटाबेस, एका वापरकर्त्याऐवजी दोन. फार हळू वाटेल. चाळीस तासांच्या कोर्समधले सहा तासच या पद्धतीने होतील, आणि ते सहा तुमच्याकडे राहतील. उरलेले नऊ टॅब आज बंद करा. कोर्स पूर्ण करणं हे काही कर्ज फेडणं नव्हे. हवं ते प्रकरण हवं तेव्हा उघडायचं.

आता 'आधी काय शिकू'. तुमच्या यादीत चौदा तंत्रज्ञानांची नावं आहेत आणि ती सगळी नावं इतरांच्या गप्पांतून आलेली दिसतात. त्या यादीपुढे जन्मसालं लिहून बघा. रिलेशनल (टेबलांत डेटा ठेवणाऱ्या) डेटाबेसची मूळ कल्पना एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञांनी १९७० साली मांडली, त्याला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेचा आराखडा १९७४चा. यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये मांडायची पद्धत) आलं १९९२ साली, गिट २००५ साली. अँग्युलरजेएस हे वेबपानांचं फ्रेमवर्क २०१० साली आलं, धडाक्याने पसरलं, आणि २०२१ संपताना त्याचा अधिकृत पाठिंबाही संपला. कुबरनेटीस २०१४चं. नवं ते टाकाऊ असं मला म्हणायचं नाही. कामात कुबरनेटीस असेल तर ते शिकायलाच हवं. पण कामात नसताना ते शिकलात तर सहा महिन्यांत विसराल, आणि एसक्यूएल मात्र रोज वापरत असूनही वरवरच राहील, तर हा सौदा तोट्याचा आहे.

निवडीसाठी मी एकच कसोटी सुचवते: रोज जे वापरता, त्याच्या एक पायरी खाली उतरा. ओआरएम (कोडमधून डेटाबेसची कामं करून देणारी, एसक्यूएल आपोआप लिहिणारी लायब्ररी) वापरता? तो कोणतं एसक्यूएल पाठवतो त्याची लॉगमधली नोंद चालू करून बघा. बऱ्याचदा दिसेल की पन्नास ऑर्डरची यादी आणायला एक क्वेरी आणि प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी आणखी एकेक, म्हणजे एकूण एक्कावन्न क्वेरी जाताहेत. वेब फ्रेमवर्क वापरता? मग एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते. ४०१ आणि ४०३ या उत्तराच्या कोडांत फरक काय, ५०२ कोण पाठवतं आणि ५०४ कोण, पोस्ट रिक्वेस्ट आपोआप पुन्हा पाठवली तर पैसे दोनदा का कापले जाऊ शकतात. दोन पायऱ्या एकदम उतरू नका. ओआरएमवरून थेट डिस्कवरच्या पानांच्या रचनेत शिरणारे लोक आठवड्याभरात कंटाळून वर येतात.

एक प्रकल्प मात्र जरूर सांगेन, कारण 'टू-डू ॲप' करून तुम्ही थकलेले दिसता. कोणतंही फ्रेमवर्क न घेता, भाषेतलं साधं सॉकेट (नेटवर्कवरून बाइट्स पाठवायचं-घ्यायचं टोक) वापरून एक चिमुकला एचटीटीपी सर्व्हर लिहा. ब्राउझरने पत्ता टाकला की एका ओळीचं पान यावं, एवढंच. दोनशे ओळींत होतो. त्यात काय काय बिघडेल ते आधीच सांगते, म्हणजे बिघडल्यावर घाबरायला होणार नाही. सॉकेटमधून एकदा वाचलं की अख्खी रिक्वेस्ट हातात येईल असं वाटतं. छोट्या रिक्वेस्टला येतेही, मोठी पाठवली की अर्धीच येते. टीसीपी (एचटीटीपीचा डेटा ज्यावरून जातो तो) हा बाइट्सचा प्रवाह आहे, त्याला 'संदेश' ही कल्पनाच माहीत नाही, म्हणून हेडरनंतरची रिकामी ओळ येईपर्यंत लूपमध्ये वाचत राहावं लागतं. सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की 'पत्ता आधीच वापरात आहे' अशी एरर येते. जुनी जोडणी ऑपरेटिंग सिस्टिम थोडा वेळ राखून ठेवते म्हणून ती येते, आणि त्यासाठी सॉकेटवर पत्ता पुन्हा वापरण्याचा पर्याय लावावा लागतो. उत्तरात 'नमस्कार' पाठवा आणि कंटेंट-लेंग्थ सात द्या, कारण युनिकोडच्या हिशोबाने त्यात सात चिन्हं आहेत: न, म, स, हलन्त, क, काना, र. ब्राउझरवर 'नम' आणि पुढे एक तुटकं चिन्ह दिसेल. ती लांबी बाइट्समध्ये मोजायची असते आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं, म्हणजे एकवीस हवेत. सातातून दोन चिन्हं पुरी झाली आणि तिसऱ्याचा एकच बाइट पोचला. शेवटी, एका जोडणीला मुद्दाम दहा सेकंद थांबवा आणि दुसऱ्या टॅबमधून रिक्वेस्ट पाठवा, तीही ताटकळते. थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये बरोबरीने चालणारी कामं) कशाला लागतात हे तिथे कळतं. मग तो प्रकल्प तिथेच सोडा. त्याचं फ्रेमवर्क करायला जाऊ नका.

शिकवायला कुणी नाही, ही तक्रार अर्धी खरी आहे. वेळ काढून समोर बसवून शिकवणारं कुणी नसेल. पण तुमच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) सिनिअर लोकांचे शेकडो पुल रिक्वेस्ट, म्हणजे रिव्ह्यूसाठी पाठवलेले बदल, पडलेत. आठवड्यातून एक निवडा. फक्त शीर्षक आणि वर्णन वाचा, बदल उघडू नका. हे काम माझ्याकडे आलं असतं तर मी कोणत्या फाइलींना हात लावला असता, कोणत्या टेस्ट लिहिल्या असत्या, ते पाच ओळींत लिहा. मग बदल उघडा. जिथे त्यांनी तुमच्या ध्यानीमनी नसलेली फाइल बदललीय, तिथे थांबा. ती फाइल का, हा प्रश्न घेऊन सिनिअरकडे गेलात तर दोन मिनिटांत उत्तर मिळेल, आणि असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला लोक आनंदाने वेळ देतात. 'मला सिस्टिम डिझाइन शिकवा' याला मात्र कुणाकडेच उत्तर नसतं.

रिव्ह्यूचंही तेच. आठशे ओळींच्या बदलावर 'ठीक वाटतंय' येणारच. कुणी मनापासून वाचतच नाही. नावं बदलणं एका पुल रिक्वेस्टमध्ये, वागणूक बदलणं दुसऱ्यात, असं तोडा आणि दीड-दोनशे ओळींच्या आत ठेवा. पाठवण्यापूर्वी स्वतःचा बदल स्वतः ओळीन् ओळ वाचा. गिटमध्ये 'ॲड'ला 'पी'चा पर्याय लावला की प्रत्येक तुकडा समोर येतो आणि घेऊ का, विचारतो. विसरलेले प्रिंट आणि चुकून बदललेल्या फाइली तिथेच सापडतात. आणि वर्णनात एक नेमका प्रश्न घाला: 'दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर इथे दोनदा नोंद होईल असं मला वाटतं, युनिक कन्स्ट्रेंट पुरेल का?' असा प्रश्न दिसला की शेरे आपोआप लांबतात.

अडल्यावर कधी विचारायचं, याचा ठोकताळा: अर्धा तास. त्याआधी विचारलंत तर स्वतःचं नुकसान, दिवसभर कुढत बसलात तर टीमचं. विचारताना चार गोष्टी लिहा: काय करायचं होतं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय काय करून पाहिलं. एरर मजकूर म्हणून चिकटवा, फोटो काढून नको. फोटोतला मजकूर कुणाला शोधता येत नाही. निम्म्या वेळा हे लिहितानाच उत्तर सापडतं आणि संदेश पाठवावाच लागत नाही.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन ते. बग सोडवणं हे तुम्ही पत्रात 'किरकोळ काम' म्हणून लिहिलंय. ज्युनिअर माणसाच्या वाट्याला येणारं सगळ्यात दमदार काम तेच आहे, फक्त ते संपल्यावर लगेच पुढचं तिकीट उचलल्याने वाया जातं. एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. प्रत्येक बगमागे चार ओळी: लक्षण काय होतं, मला आधी काय वाटलं, खरं कारण काय निघालं, ते कशाने सापडलं. यातली दुसरी ओळ कुणीच लिहीत नाही आणि तीच सोन्यासारखी असते. बग सापडल्यावर 'मला वाटलंच होतं' असं मन सांगतं. फाइल सांगते की तुम्हाला कॅशचा (साठवून ठेवलेल्या जुन्या डेटाचा) संशय होता आणि निघाला टाइमझोन.

शोधण्याच्या पद्धतीतही सुधारायला जागा असते. स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर येईपर्यंत कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी, पूर्ण वाचा. पायथनमध्ये खरी एरर सगळ्यात खालच्या ओळीत असते. जावात वरची ओळ बहुधा वरवरचं सांगते. खाली 'कॉज्ड बाय'ने सुरू होणाऱ्या ओळींपैकी शेवटची मूळ कारण सांगते. मग ट्रेसमधली, लायब्ररीची सोडून, तुमच्या प्रोजेक्टची सगळ्यात जवळची ओळ शोधा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तिने फरक पडला नाही तर ती परत पहिल्यासारखी करा. हे पाळलं नाही की पाच निरुपयोगी बदल आणि एक खरा, असे सहा बदल मिळून कमिट होतात आणि खरा कोणता ते कुणालाच कळत नाही. 'रीस्टार्ट केल्यावर चाललं' हे लक्षण म्हणून फाइलीत लिहा, उपाय म्हणून नाही.

'मागच्या महिन्यात चालत होतं' असा बग आला की गिटचं 'बायसेक्ट' काढा. चालणारं एक जुनं कमिट आणि बिघडलेलं आजचं सांगितलं की गिट दर वेळी मधलं कमिट समोर ठेवतं. चांगलं की वाईट एवढं सांगायचं. हजार कमिटमधून गुन्हेगार साधारण दहा तपासण्यांत मिळतो. तपासणीची छोटी स्क्रिप्ट लिहिलीत तर 'बायसेक्ट रन' ते आपोआप करतं. एखादं कमिट बिल्डच होत नसेल तर स्क्रिप्टने १२५ हा एक्झिट कोड द्यायचा, म्हणजे ते वगळलं जातं. आणि एखादी ओळ का आली हे 'ब्लेम'ने (ओळ शेवटची कुणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या आदेशाने) कळत नसेल, कारण मध्ये कुणीतरी फक्त फॉरमॅटिंग बदललंय, तर 'लॉग'ला कॅपिटल 'एस'चा पर्याय लावून तो शब्द शोधा. तो कोडमध्ये पहिल्यांदा आला ते कमिट मिळतं.

दोन महिन्यांनी ती फाइल सलग वाचून काढा. वीस-पंचवीस बग झाले असतील आणि त्यांच्यात टोळ्या दिसतील: तारखा आणि टाइमझोन, रिकामी व्हॅल्यू, एकाच वेळी दोघांनी केलेला बदल, कॉन्फिगरेशन. सर्वांत मोठी टोळी ज्या विषयाची, तो तुमचा पुढचा विषय. 'आधी काय शिकू' याचं उत्तर मी देण्यापेक्षा ती फाइल चांगलं देईल.

एआयबद्दल. ते कोड भराभर टाइप करतं, आणि टाइप करणं हा या कामाचा अवघड भाग कधीच नव्हता. पण शिकणाऱ्याला त्याचा धोका खरा आहे: वर सांगितलेलं आठवणं, अडणं, अंदाज चुकणं हे सगळं ते तुमच्याऐवजी करून टाकतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी अर्धा तास स्वतः, कितीही वेडंवाकडं असो. मग तुमचा कोड त्याला देऊन 'हा कोणत्या इनपुटला मोडेल?' असं विचारा. त्याने दिलेला कोड घेतलात तर तो मोडणारी तीन इनपुट तुम्ही शोधा: रिकामी यादी, दोनदा आलेली रिक्वेस्ट, देवनागरी नाव. त्याने सुचवलेलं पॅकेज इन्स्टॉल करण्यापूर्वी ते खरोखर अस्तित्वात आहे का, कोण सांभाळतं, शेवटचं कधी बदललं ते बघा. नसलेल्या पॅकेजची पटण्यासारखी नावं ते बिनदिक्कत सांगतं, आणि अशा नावांनी घातक पॅकेज टाकून ठेवणारी माणसंही असतात. कंपनीचा कोड आणि पासवर्ड कुठे चिकटवता याचे नियम विचारून घ्या. आठवड्यातलं एक छोटं तिकीट त्याच्याशिवाय करा.

वेळ: रोज किती, असं विचारलंत. रोज नकोच. आठवड्यात पाऊण तासाच्या तीन बैठका आणि सुट्टीच्या दिवशी दोन तासांची एक, म्हणजे साधारण सव्वाचार तास. रात्री बारानंतरची बैठक मोजू नका. बैठक संपवताना काम जिथे मोडलंय तिथेच सोडा, म्हणजे नापास होणारी एक टेस्ट तशीच ठेवा. पुढच्या वेळी 'आता काय करू' यात वीस मिनिटं जात नाहीत. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात भरपाई करायची नाही. भरपाईच्या नादात बरेच जण सगळंच सोडतात.

डेटा स्ट्रक्चरचं थोडक्यात. रोजच्या कामाला यादी, मॅप, सेट, झाडाची रचना, सॉर्टिंग आणि गुंतागुंतीचा ढोबळ हिशोब पुरतो. दहा हजारांच्या दोन याद्या लूपमध्ये लूप घालून जुळवल्या तर दहा कोटी तुलना. एक यादी सेटमध्ये घातली तर दहा हजार वेळा शोध. हे नजरेला दिसायला लागलं की काम भागलं. मुलाखतीची कोडी हा वेगळा खेळ आहे. नोकरी शोधायच्या आधी सहा-आठ आठवडे त्याला द्या, वर्षभर रोज नको.

नोकरी लगेच बदलू नका, पण याला अपवाद आहेत. सगळ्यांचा कोड आवृत्त्या न ठेवता एकाच फोल्डरमध्ये असेल, टेस्ट लिहायला वेळ वाया घालवू नका असं सांगितलं जात असेल, लॉगसुद्धा बघू देत नसतील, किंवा वेगळं काम दोनदा स्पष्ट मागूनही एकाच प्रकारची तिकिटं येत असतील, तर शोध सुरू करा. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. मुलाखतीला गेलातच तर 'तुम्ही ट्रेनिंग देता का' याऐवजी विचारा: नव्या माणसाचा पहिला बदल प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर) किती दिवसांत जातो, रिव्ह्यू कोण करतं, शेवटचा मोठा बिघाड झाला तेव्हा पुढे काय केलंत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले तर तेही उत्तरच आहे.

ता. क.चं उत्तर: जो टीममधले बहुतेक जण वापरतात तो, म्हणजे अडल्यावर शेजारी विचारता येतं. त्यात पाच गोष्टी कीबोर्डवरून यायला हव्यात: फंक्शनच्या व्याख्येवर जाणं, ते कुठे कुठे वापरलंय ते बघणं, आधी होतो तिथे परत येणं, सगळ्या प्रोजेक्टमध्ये शब्द शोधणं, आणि ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबावा ती खूण) लावून एकेक ओळ पुढे सरकणं. तिसरी सगळे विसरतात, आणि मग कोड वाचताना सहाव्या फाइलमध्ये पोचल्यावर आपण इथे का आलो होतो, तेच आठवत नाही. थीमचा रंग कोणताही चालेल.